पंचफुलाबाईंची पाशिंजर

गोगलगाय हातावर घ्यायची असेल तर आधी हात ओला करायचा. कोरड्या हाताला ती चिकटून बसते, मग ओढावी लागते, आणि ओढली की तिला दुखतं. वरून शंख धरून उपटायची नाही. तिच्यासमोर बोट ठेवायचं आणि ती आपणहून चढेपर्यंत गप्प थांबायचं. घेण्याआधी हात धुवायचे, परत ठेवल्यावर साबणाने धुवायचे, मधल्या वेळात बोट तोंडात घालायचं नाही. हे सगळं मी वयाच्या चाळिशीत शिकलो, तेही अंगणवाडीत, चार-चार वर्षांच्या पोरांच्या मागे रांगेत उभं राहून. शिकवणाऱ्या बाई दहावी झालेल्या होत्या, आणि दहावीही दुसऱ्या खेपेला.

माझी शाळा आणि पंचफुलाबाईंची अंगणवाडी एकाच आवारात होती, मधे एक हातपंप. गाव गोंदियाकडचं, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या अगदी शेवटाला. मी अकोल्याकडचा, बदलीवर आलेलो, आणि पहिलं वर्षभर बदली रद्द कशी होईल याच विचारात होतो. बाई पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला. आवाज असा की हातपंपावरची भांडणं त्यांच्या एका 'काय व'ने थांबत. 'गोगलगाय नि पोटात पाय' अशी म्हण आहे; बाईंच्या पोटात काहीच नव्हतं, जे होतं ते तोंडावर. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "किती दिवस राहता गुरुजी? खरं सांगा. पोरायले नाव पाठ करायले मेहनत लागते."

लहान मुलांशी लाडं लाडं बोलणं त्यांना जमत नसे आणि दुसऱ्या कुणी केलेलं खपत नसे. "लेकरू लहान असते, बहिरं नसते," असं त्या म्हणायच्या. मूल रडायला लागलं तर 'उगी उगी' नाही. "रड. झालं का सांग मले." मूल रडायचं, आणि खरंच जाऊन सांगायचं, झालं म्हणून. मुलं मोजताना त्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत. खिचडी आधी स्वतः चाखत. महिन्याच्या वजनाच्या दिवशी तर देवपूजेचा थाट. काटा पुसायचा, शून्यावर आणायचा, आणि मुलगा काट्यावर हलला तर पुन्हा पहिल्यापासून. "माणूस खोटं बोलते, काटा नाही बोलत," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे वर्गात मीच वापरू लागलो.

त्या वजनाच्या वहीत एका पोरीचं नाव कायम लाल, म्हणजे अतिकुपोषितांच्या, रकान्यात असायचं. तनू. साडेतीन वर्षांची, वजन साडेनऊ किलो. आईबाप हैदराबादकडे बांधकामावर, पोर इथे आजीजवळ. आजी सायत्राबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला, तरी रोज कुणाच्या ना कुणाच्या भाताच्या बांधीत वाकलेली. तनू बोलायची नाही म्हणजे मुकी नव्हती. तिला बोलायचं नव्हतं. आणि खायचं तर मुळीच नव्हतं. घास तोंडात ठेवला की तो तिथेच राहायचा, गाल फुगलेला, तासभर. पंचफुलाबाईंनी सगळे उपाय करून पाहिले. गूळ झाला, शेंगदाणे झाले, धाक झाला. एकदा त्या माझ्यासमोर थकून बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे पोट्टी माह्या डोळ्यासमोर सरून राहिली." बाईंना असं हतबल झालेलं मी प्रथमच पाहिलं. एवढी एक पोर जगली पाहिजे, हे त्यांनी त्या दिवसापासून मनावर घेतलं.

गोगलगाय त्याच भादव्यात आली. आली म्हणजे काय, अंगणवाडीच्या मागच्या ओल्या भिंतीवर होती आणि तनू तिच्यासमोर उकिडवी बसून राहिली होती. एक तास बसली. इतर मुलं खिचडी खाऊन घरी गेली तरी बसलेली. दुसऱ्या कुणी बाईने 'शी, किडा' म्हणून पोर उचलली असती. पंचफुलाबाई तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या. मी शाळेच्या ओट्यावरून पाहत होतो. दोघी भिंतीकडे पाहत बसल्या. मग तनूने विचारलं, "हे काय खाते?"

बाई नंतर मला म्हणाल्या, की अंगावर काटा आला. ज्या पोरीने स्वतःच्या खाण्याचा शब्द काढला नाही, तिने गोगलगायीच्या खाण्याचं विचारलं.

लोणच्याची रिकामी बरणी आली. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली, तळाशी बाईंच्या परसातली ओली माती घातली. बांधीतली नाही, तिथे फवारणी होते. कोहळ्याचं पान, काकडीची चकती. आणि मग बाईंनी तनूला जी गोष्ट सांगितली, ती खरी असली तरी तिच्यात त्यांची सगळी लबाडी होती. "हिच्या पाठीवर घर हाय. घर वाढायले हिले अंड्याचं टरफल लागते. टरफल कोठून आणायचं? कोनी अंडं खाल्लं, त टरफल भेटन."

तनूने विचार केला. मग अंडं हातात घेतलं आणि खाल्लं. अर्धं तासाभरात, उरलेलं दुसऱ्या तासाभरात, पण खाल्लं. टरफल बाईंनी वरवंट्याने कुटून दिलं, तिने ते चिमटीने बरणीत टाकलं. आठवड्यातून काही दिवस सरकारी अंडी यायची. यायची नाहीत त्या दिवशी बाई आपल्या कोंबडीचं घेऊन यायच्या. त्यांची सून यावरून धुसफुसायची, हेही मला ठाऊक आहे.

नाव मुलांनीच ठेवलं. आमच्या जवळच्या स्टेशनावरून गोंदियाला जाणारी पॅसेंजर कधी वेळेवर आलेली कुणाला आठवत नाही. एकदा गोगलगाय बरणीच्या तळातून निघाली ती झाकणापर्यंत पोचायला गोष्ट संपली, गाणं संपलं, खिचडी झाली. एक पोरगा वैतागून म्हणाला, "हे त पाशिंजर हाय!" तेव्हापासून पाशिंजर. ती पोचली की मुलं 'आली, आली' म्हणून ओरडत आणि तनू सगळ्यांना गप्प करी. राखणदार तीच होती. हात कुणी कोरडा पुढे केला की ती नुसती मान हलवायची, आणि तिच्या दुप्पट वजनाची पोरं मुकाट हातपंपावर जायची.

वरिष्ठ मॅडम तपासणीला आल्या तेव्हा बरणी खिडकीतच होती. त्यांनी नाक मुरडलं. "अंगणवाडीत हे काय पाळलंय? किडे?"

"मॅडम, हे माही मदतनीस हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाले, मदतनीसाची जागा खाली हाय. तुमी भरली नाही, मंग मी भरली."

मॅडमना हसावं की रागवावं कळेना. मग बाईंनी तनूला काट्यावर उभं केलं. सहा महिन्यांत सव्वा किलो. मॅडमनी मोबाइलच्या ॲपवर आकडा टाकला, फोटो काढला आणि बरणीबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. बाई त्या दिवशी मला मुद्दाम चहाला बोलवून म्हणाल्या, "पाहा गुरुजी, पोट्टी बोलते बी आता. काल मले म्हणे, बाई तुमच्या अंगाले कांद्याचा वास येते." त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

उन्हाळ्यात मात्र एक गोष्ट घडली, आणि तिचा अर्थ मी तेव्हाच ओळखायला हवा होता. चैत्राच्या उन्हात पाशिंजरने अंग आत ओढलं, शंखाच्या तोंडावर पांढरा पापुद्रा धरला आणि ती बरणीला चिकटून निपचित झाली. मुलं म्हणाली, मेली. दोघांनी खड्डासुद्धा खणला. तनूने त्या दिवशी अंडं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाई हादरल्या, पण दाखवलं नाही. मुलांना गोलात बसवून म्हणाल्या, "मेली नाही, झोपली. ऊन लागते म्हणून दार लावून घेतलं. तुमी नाही लावत घरचं दार? उठली का भूक लागन, मंग टरफलाचा साठा पायजे का नाही?"

तनूने साठा केला. मे महिनाभर ती अंडी खात राहिली आणि टरफलाचा भुगा बेबी पावडरच्या डब्यात भरत राहिली. जूनमध्ये बाईंनी बरणी पाण्याच्या माठाखाली ओल्यात ठेवली, रोज हाताने पाणी शिंपडलं. एका सकाळी पापुद्रा फुटला आणि दोन शिंगं बाहेर आली. तनू धावत शाळेत आली, थेट माझ्या वर्गात, पाढे चालू असताना. "गुरुजी, जागली!" त्या महिन्यात तिचं वजन अकरा किलो सातशे भरलं. लाल रकान्यातून पिवळ्यात. पंचफुलाबाईंनी सगळ्या मुलांना चुरमुरे वाटले.

सगळं इथेच थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

त्या भागात आषाढात भाताच्या रोवणीची घाई. बाया पहाटेपासून गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात. त्या पाण्यात जळवा फार. म्हणून प्रत्येकीच्या पदराच्या टोकाला मिठाची पुरचुंडी बांधलेली असते. जळू लागली की ओढायची नाही, चिमूटभर मीठ टाकायचं, ती गळून पडते. बायांच्या हाताला ही सवय इतकी झालेली असते की डोकं काही म्हणायच्या आत चिमूट सुटते.

दुपारची वेळ होती, आभाळ भरलेलं, अंगणवाडीच्या पडवीत अंधार. बाई आत चुलीपाशी होत्या. तनू पडवीत पाय पसरून बसली होती आणि पाशिंजर तिच्या दंडावरून चालली होती. मुलं भोवती बसून ती कोपरापर्यंत कधी पोचते ते पाहत होती. मी हातपंपावर पाणी पीत होतो. तेवढ्यात सायत्राबाई बांधीतून नातीला न्यायला आली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पाय चिखलाने माखलेले. तिच्या त्या धुकटलेल्या डोळ्यांना पोरीच्या दंडावर काहीतरी काळं, ओलं, हलणारं दिसलं. "माय व! जळू!" ती मोठ्याने किंचाळली. पदराची गाठ सुटली, मूठभर मीठ दंडावर पडलं, आणि वरून तिने ते तळहाताने चोळलं.

मी ओरडलो असेन, आठवत नाही. मुलं एकदम रडू लागली. पाशिंजर खाली पडली, तिच्या अंगातून फेस येत होता, हिरवट पांढरा. तनू रडली नाही. ती त्या फेसाकडे पाहत राहिली. आजीला वाटलं, पोरं जळूला भ्याली. ती नातीला छातीशी धरून तिचा दंड पुसत होती, "रक्त त नाही नं निघालं, पाहा नं व," म्हणत होती. पंचफुलाबाई हातात पळी घेऊन दारात आल्या. त्यांनी खाली पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. 

"बरं केलं, माय," त्या म्हणाल्या. "जळूच होती."

तनूने मान वळवून बाईंकडे पाहिलं. चार वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर तसा भाव असू नये.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, खरं का सांगितलं नाही. त्या माझ्यावरच उखडल्या. "काय सांगू? म्हातारी पहाटेपासून पानी-चिखलात हाय. नातीले जळू लागली म्हणून तिचा जीव उडाला. तिले सांगू, का तू पोरीचा जीव की प्राण मारून टाकला?" मग थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "पन मी ते पोरीसमोर बोलली. ते चुकलं."

दुसऱ्या दिवशी तनू आली, भिंतीकडे तोंड करून बसली. बाईंनी अंडं सोलून दिलं. तिने फेकलं नाही. ते बाईंच्या हातात परत ठेवलं. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मी आयुष्यात शिक्षकाला विद्यार्थ्याची माफी मागताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "तनू, मी खोटं बोलली. ते पाशिंजरच होती. आजीले दिसत नाही, आजीची चूक नाही. माही चूक हाय." पोर ऐकत होती की नाही, कोण जाणे. बाईंनी भर पावसात बांध धुंडाळून दुसरी गोगलगाय आणली. तशीच, तेवढीच. तनूने बरणीत डोकावलं.

"हे पाशिंजर नाही," ती म्हणाली. मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

पुढचे पाच आठवडे मला नीट सांगता येणार नाहीत. बाई सकाळी तिच्या घरी जायच्या, संध्याकाळी जायच्या, पदराखाली वाटी झाकून. घास पुन्हा गालात अडकू लागला. काट्यावरचा आकडा दर आठवड्याला खाली. तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन ठेवा म्हणून त्यांनी सायत्राबाईला हात जोडले; म्हातारी म्हणाली, रोवणी सरू दे, पोरीचे मायबाप पोळ्याले येऊन राहिले, मंग नेऊ. आईला फोन लावला, ती फोनवर नुसती रडली. मी काय केलं? मी म्हणालो, होईल बरं हळूहळू. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

श्रावणात गावभर ताप आला. तनूलाही आला. तिसऱ्या दिवशी श्वास लागला तेव्हा बाईंनी ऑटो केला, म्हातारीला आणि पोरीला घेऊन तालुक्याला गेल्या, तिथून गोंदियाला. दवाखान्यात त्यांनी होईल ते सगळं केलं, असं बाई स्वतः सांगतात. पण पोरीच्या अंगात लढायला काही उरलंच नव्हतं. चौथ्या दिवशी दोघी तिचा देह घेऊन परत आल्या. पोळ्याला अजून आठ दिवस होते.

मी बाईंना समजावायला गेलो. ताप होता, न्यूमोनिया होता, तुमचा काय दोष, वगैरे. असल्या वेळी माणूस जे बोलतो ते. त्यांनी ऐकून घेतलं. "गुरुजी, ताप साऱ्या गावाले आला. पोट्टे उठून खेळून राहिले. उपाशी पोटात ताप गेला, तेच मेली." मग म्हणाल्या, "मी त्या पोरीचं खाणं एका गोगलगायीले बांधून ठेवलं होतं. चैतात ते झोपली, पोरीनं दोन दिवस अंडं नाही घेतलं, तेव्हाच मले कळाले पायजे होतं. मले वाटलं, आपन लय हुशार."   कधी वाटतं, बाईंचं खरं आहे. कधी वाटतं, नसती ती गोगलगाय तर पोर वर्षभर आधीच गेली असती. दोन्ही खरं असेल तर मग माणसाने करायचं काय, हे मला कुणी सांगावं.

अंगणवाडी चालू राहिली. डोक्याला हात लावून मोजणी, खिचडी चाखणं, काटा शून्यावर आणणं, कशात कसूर नाही. फक्त त्यांचा आवाज हातपंपापर्यंत येईनासा झाला. मुलं पावसाळ्यात गोगलगाई दाखवायला आणत, तेव्हा त्या म्हणत, "जेथून आणली तेथं ठेवून ये." वरिष्ठ मॅडम पुन्हा आल्या, खिडकीकडे पाहून म्हणाल्या, "छान, आता स्वच्छ दिसतंय." बाई उलट बोलल्या नाहीत. मला त्या मॅडमचा इतका राग आला, आणि त्या बिचारीला तर काही माहीतच नव्हतं.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघण्याच्या दिवशी भेटायला गेलो तर पडवीत सायत्राबाई बसलेली. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा होता. मी आलो तरी ती थांबली नाही. जे विचारायला आली होती ते विचारतच राहिली.

"पंचफुला, पोट्टे म्हणून राहिले, का तनूची गोगलगाय मी मारली. मीठ टाकून. म्हणून तिनं खाणं सोडलं. खरं काय व?"

"पोट्टे काहीबी बोलतात, माय."

"मले तेव्हा दिसत नव्हतं. तुले त दिसत होतं. जळूच होती नं?"

"जळूच होती."

"मंग तिनं खाणं काऊन सोडलं?"

"ताप आधीपासूनच अंगात होता तिच्या. डॉक्टर बी तेच बोलले."

म्हातारी बाईंच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "आण घे. गळ्याची आण घे."

खोटी आण घेणारा जगत नाही, यावर तिथे सगळ्यांचा विश्वास आहे. पंचफुलाबाईंचाही होता, देवाधर्मात त्या कधी चेष्टा खपवून घेत नसत. त्यांनी दोन बोटांनी आपल्या गळ्याची कातडी धरली. "गळ्याची आण, माय. जळू होती."

सायत्राबाईने मोठा श्वास सोडला. चष्म्याखालून डोळे पुसले, काठी घेतली आणि उठली. ती आवाराच्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर बाई तिच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मी बाईंकडे पाहिलं असावं, कारण त्यांनी मान न वळवताच उत्तर दिलं.

"दोघीतून एकीले त झोप लागली पायजे नं, गुरुजी."